टिंडेलकाकांची तयारी

रक्ततपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस टिंडेलकाका ओळखू येत नसत. एरवी मांडवीच्या आमच्या आळीत त्यांचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. त्या दिवसांत मात्र ते कुंपणाच्या कडेकडेने चालत, कोणी चहाला बोलावलं तर छातीवर हात ठेवून मान हलवत, आणि सकाळी कारल्याचा रस पिऊन पायरीवर डोळे मिटून बसत. माझी आत्या आमच्या ओट्यावरून ओरडायची, "भाऊ, बाजारातली कारली तुम्हीच संपवलीत! आता आम्ही काय शिजवावं?" एरवी यावर त्यांनी दोन उत्तरं दिली असती. त्या दिवसांत ते नुसते कसनुसं हसत.

मी तेव्हा रत्नागिरीत कॉलेजात शिकत होते. माझं गाव लांज्याच्या पलीकडे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून वडिलांनी मला आत्याकडे ठेवलं होतं. टिंडेलकाका आत्याचे शेजारी. दोन घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा होता, पण तो इतका बुटका की कालवणाची वाटी त्यावरून सहज इकडची तिकडे जायची. काकांचं पूर्ण आयुष्य मला माहीत नाही. ते कसल्या भीतीत राहत होते, ते मात्र मी जवळून बघितलं आहे. तेवढं नीट सांगता आलं तरी पुष्कळ.

टिंडेल हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. जहाजावर इंजिनखोलीतल्या खलाशांचा जो मुकादम असतो त्याला टिंडेल म्हणतात. काका नोकरी संपवून घरी आले, पण हुद्दा त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आला. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याचा जुना गुळगुळीत डाग. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय झालेली, त्यामुळे ते गुपितही आळीभर ऐकू जाईल असं सांगत. आमच्याकडे आले की बसण्याआधी फ्रिजच्या पाठीवर तळहात ठेवायचे. "ठीक चाललाय," म्हणायचे आणि मग बसायचे. आत्या चिडवायची, "माझी पण चौकशी करा कधीतरी." त्यावर ते म्हणत, "तू बंद पडलीस तर आवाज बंद होईल. तेव्हा कळेलच गो!"

काकी वारल्यावर त्यांचा मुलगा प्रकाश त्यांना डोंबिवलीला नेण्यासाठी मागे लागला होता. प्रकाशदादा बँकेत होता, स्वभावाने चांगला, बापावर जीव असलेला. काकांना मात्र तिकडे जायचं नव्हतं. एकदा जाऊन आले होते. "खिडकी उघडली की समोरच्या बाईचा कुकर दिसतो," ते म्हणाले. मग त्यांच्या मानाने हळू आवाजात, "बाय, आयुष्यभर मी पाण्याच्या खाली राहिलो. इंजिनखोलीला खिडकी नसते. आता उरलेले दिवस मला वर राहू दे."

शेवटी बापलेकात तह झाला. साठी उलटलेल्या लोकांसाठी तेव्हा लॅबवाल्यांनी नवीनच वार्षिक सभासदत्व सुरू केलं होतं. वर्षाचे पैसे एकदम भरायचे, कार्ड मिळायचं, आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या तपासण्या व्हायच्या. म्हातारपण धडधाकट जावं, आजार आधीच कळावा, हा त्यामागचा विचार. प्रकाशदादाने सांगितलं, असं एखादं कार्ड घ्या, प्रत्येक रिपोर्ट मला पाठवा. रिपोर्ट चांगले आहेत तोवर तुम्ही रत्नागिरीला राहा, मी एक शब्द बोलणार नाही. बिघडले तर मात्र डोंबिवली.

म्हणजे त्या कार्डावर काकांचं घर अडकलं होतं.

रत्नागिरीत अशी दोन कार्डं मिळत होती. एक माळनाक्याजवळच्या लॅबचं. तिथे दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन, लघवी, कोलेस्टेरॉल, आणि तारीख आपण ठरवायची. दुसरं मारुती मंदिराकडच्या एका केंद्राचं. ते रक्त गोळा करून मुंबईला मोठ्या लॅबकडे पाठवायचे. तिथे वर्षातून दोनदाच तपासणी, पण यादी लांबलचक. पैसे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. काकांनी दोन्ही पत्रकं आणून माझ्यापुढे ठेवली.

"तू सायन्सची ना? वाच आणि सांग, यातलं कुठलं घेऊ."

मी सायन्सची होते, पण दुसऱ्या वर्षाला होते, आणि पत्रकावरची निम्मी नावं मीही पहिल्यांदाच वाचत होते. 'मला माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटायची, कारण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळं येत असेल असं आत्यासकट सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. म्हणून मी कॉलेजातून येताना त्या दुसऱ्या केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं. त्यांच्या यादीत एक तपासणी होती, तीन महिन्यांच्या साखरेची. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते आणि पेशी मरेपर्यंत तशीच राहते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत सरासरी साखर किती होती ते त्यातून कळतं. मला हे इतकं आवडलं की मी धावतच घरी आले आणि काकांना सांगितलं.

काका ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे आदल्या दिवशी उपास केला तरी?"

"तरी दिसते."

"आणि आठ दिवस केला तर?"

"तरीही, काका."

त्यांनी ते पत्रक दुमडलं, आणखी एकदा दुमडलं. "हा डॉक्टर पाठीमागून येणारा दिसतो," ते म्हणाले. "आपल्याला समोरून येणारा बरा. सांगून येतो, तयारी करू देतो." आणि त्यांनी माळनाक्याचं कार्ड घेतलं.

आत्याने गडग्यावरून विचारलंच, "भाऊ, कार्ड रक्त तपासायला घेतलंत की प्रकाशला दाखवायला?"

"प्रकाशला," काका सरळ म्हणाले. "मी कसा हाय ते मला ठाऊक हाय. माझ्यासाठी कशाला?"

हे हटवादीपणाचं वाटेल. पण त्यामागे त्यांची सगळी नोकरी होती. जहाजावर चढण्याआधी प्रत्येक वेळी मुंबईत कंपनीचा डॉक्टर तपासायचा. फिट असलास तर जहाज, अनफिट असलास तर घर. तिसरं काही नाही. मुंबईत गावकीच्या खोलीत सगळे खलाशी एकत्र राहत आणि तपासणीआधी एकमेकांची तयारी करून घेत. रक्तदाबासाठी लसूण, लघवीसाठी बार्लीचं पाणी, छातीच्या फोटोआधी विडी बंद. जुने लोक नव्यांना शिकवत. तब्येत कशी आहे हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नसे. पास कसं व्हायचं, एवढंच.

डोळ्यांच्या तक्त्याची गोष्ट ते नेहमी सांगत. भिंतीवर जो इंग्रजी अक्षरांचा तक्ता असतो तो त्या खोलीतल्या कोणीतरी उतरवून आणला होता, आणि सगळे रोज संध्याकाळी आरतीसारखा तो म्हणत. काकांनी तो तोंडपाठ केला. डॉक्टरसमोर उभे राहिले, छाती पुढे काढली आणि न थांबता वरपासून खालपर्यंत म्हणून टाकला. डॉक्टर म्हणाला, "टिंडेल, फारच छान. पण हा गेल्या वर्षीचा तक्ता. आता भिंतीवरचा वाच." काकांनी घाबरत घाबरत भिंतीकडे बघितलं, तर शेवटची बारीक ओळसुद्धा त्यांना स्वच्छ दिसत होती.

"डोळे माझे चांगलेच होते गो!" ते मांडीवर थाप मारून हसत. "उगाच महिनाभर घोकत बसलो." सगळे हसत. मीही हसायचे. पण एकदा हसून झाल्यावर ते म्हणाले, "तरी पुढच्या वर्षी नवीन तक्ता पाठ केलाच हां मी." आणि तेव्हा ते हसत नव्हते.

दुसरी गोष्ट ते फारशी सांगत नसत. गुहागरचा गणू म्हणून त्यांचा जोडीदार होता, एकाच इंजिनखोलीत दोघांनी पुष्कळ वर्षं काढलेली. एका तपासणीत हृदयात दोष निघाला आणि डॉक्टरने गणूच्या नलीवर अनफिटचा शिक्का मारला. खलाशांकडे नोकरीची नोंद असलेलं जे पुस्तक असतं त्याला ते नली म्हणत. गणू गावाला गेला. काका पुढच्या सुट्टीत त्याला भेटायला गुहागरला गेले तर तो सुपारीच्या बागेत खुर्ची टाकून बसला होता, अंगावर शाल. "चांगला धट्टाकट्टा गडी," काका म्हणाले, "पण ऊन असून शाल घेऊन बसलेला. मी म्हटलं, काय होतंय? म्हणाला, काही होत नाय, अनफिट हाय." त्या पावसाळ्यातच गणू गेला. काकांना त्याच्या हृदयात काय बिघडलं होतं ते ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. "आजाराने माणूस उशिरा मरतो बाय," ते म्हणाले. "शिक्क्याने लगेच."

कार्डाची पहिली तपासणी होती त्या सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून निघाले. मी कॉलेजला जाता जाता त्यांच्याबरोबर माळनाक्यापर्यंत गेले. टेबलामागे बसलेल्या मुलीसमोर त्यांनी खिशातून काढून आपली जुनी नली ठेवली. मुलगी गोंधळली. "आजोबा, हे नको, कार्ड द्या." त्यांनी घाईने नली उचलली आणि कार्ड दिलं. रक्त घेताना सुईकडे बघितलं नाही. त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिले, ती काही लिहिते का, ते.

रिपोर्ट चांगला आला. संध्याकाळी आमच्या फोनवरून त्यांनी डोंबिवलीला फोन लावला आणि ओरडले, "प्रकाश! पास!" मग आत्याला म्हणाले, "टाक आता चहा. साखर नेहमीसारखी." नेहमीसारखी म्हणजे चमचा उभा राहील एवढी. आंब्याचे दिवस होते. रात्री त्यांच्या ओट्यावर पाटीभर साली पडल्या.

असं दर तीन महिन्यांनी व्हायचं. आठ-दहा दिवस कारली, मेथीचं पाणी, अर्धी भाकरी, भाट्याच्या पुलापर्यंत चालणं. मग सुई. मग पास. मग दोन-अडीच महिने मोकळे. प्रकाशदादा आत्याला फोनवर म्हणायचा, "बाबांची तब्येत तर माझ्यापेक्षा चांगली आहे." आत्या म्हणायची, "तू एकदा येऊन राहा रे चार दिवस. रिपोर्ट वाचून बाप कळत नाही." तो हसायचा, म्हणायचा, येतो. रिपोर्ट चांगले होते, घाई कशाची होती?

पण आम्हाला काही गोष्टी दिसत होत्या. काकांच्या शेजारी आता कायम पाण्याचा तांब्या असे आणि तो सारखा रिकामा होई. भर दुपारी ते पायरीवर बसल्या बसल्या झोपून जात. आणि त्यांची चप्पल. चालता चालता एक चप्पल पायातून सुटून रस्त्यात राहायची आणि काका एकाच चपलेवर पुढे जात. आळीतली पोरं ती उचलून मागून धावत. "टिंडेल आजोबा, तुमची होडी वाहून गेली!" काका वळून बघत, आपल्या पायाकडे बघत, आणि मोठ्याने हसत. ते हसले की सगळेच हसत. त्यात घाबरण्यासारखं काही आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या दिवशी रिपोर्ट आला होता, पास. काका खुशीत ओहोटीला खडकांवर कालवं काढायला गेले. दुपार उतरल्यावर आमच्याकडे आले, हातात कालवांची छोटी बादली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि आत्याला सांगू लागले, "सुकं कर. खोबरं सढळ हाताने घाल. गेल्या वेळी काटकसर केलीस."

आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. आमच्या फरशीवर बाहेरच्या पायरीपासून स्वयंपाकघरापर्यंत ओले ठसे होते. एका पायाचे पाण्याचे, एका पायाचे लाल.

"भाऊ," आत्या म्हणाली.

काकांनी तिची नजर कुठे आहे ते बघितलं. मग वळून दाराकडे बघितलं, आणखी कोणी आत आलं आहे का, तसं. "कोणाचं गो रक्त पडलंय हे?" ते म्हणाले.

त्या क्षणी मला जितकी भीती वाटली तितकी परीक्षेची, वडिलांची, कशाचीच कधी वाटली नव्हती. आत्याने त्यांना खुर्चीवर बसवून पाय उचलला. कालवाच्या शिंपल्याने तळवा अंगठ्यापासून टाचेपर्यंत चिरला होता, आणि फटीत शिंपल्याची कपची तशीच रुतलेली. काका वाकून आपल्या तळव्याकडे बघत होते. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसे. "दुखत तर नाय," ते म्हणाले. आधी आम्हाला धीर द्यायला म्हणाले. मग तेच पुन्हा म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "दुखत नाय गो."

आम्ही त्यांना रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी टाके घातले. मग काकांना डोळे मिटायला सांगितले आणि दुसऱ्या, न चिरलेल्या पायाच्या तळव्याला सुईचं टोक लावलं.

"टोचतंय?"

"लावा की," काका डोळे मिटून म्हणाले. "मी तयार हाय."

डॉक्टर सुई टेकवूनच होते. त्यांनी ती आणखी दोन ठिकाणी टेकवली. काका वाट बघत बसले होते. आत्याने तोंडाला पदर लावला.

काकांनी खिशातून रिपोर्ट काढून पुढे केला, कालचाच. डॉक्टरांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पायाची नस अशी दोन-चार दिवसांत जात नाही, टिंडेल. ही बरीच वर्षं चाललेली गोष्ट आहे. मला तुमची तीन महिन्यांची साखर हवी आहे."

"देतो. आठ दिवसांनी देतो."

"आठ दिवस कशाला?"

मग आत्याच म्हणाली, "तयारीला."

डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. ते रागावले नाहीत. "या तपासणीला तयारी नसते," एवढंच म्हणाले. "उद्याच द्या."

दुसऱ्या दिवशी ते मारुती मंदिराकडच्या केंद्रात गेले. पायाला पट्टी, काठी आत्याची. सकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं, चहा घेऊन गेलो तर चालेल का. चालेल, म्हटलं. तरी घेतला नाही. रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात गेली आणि डब्याचं झाकण लागलं. काका तरी खुर्चीतून उठेनात. "परत मागता येत नाय ना आता?" त्यांनी त्या बाईंना विचारलं. बाईंना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

मुंबईहून रिपोर्ट यायला वेळ लागला. तेवढे दिवस काका काहीच करेनात. कारली नाहीत, मेथी नाही, चालणं तर शक्यच नव्हतं. तयारी करायला काही उरलंच नव्हतं, आणि त्यामुळे ते फार घाबरले होते. पायरीवर बसून ते समोरच्या समुद्राकडे बघत. बोटी येत-जात. आत्या जेवण न्यायची ते तसंच परत यायचं. एकदा मी गडग्याजवळ उभी होते तर त्यांनी हाक मारून विचारलं, "बाय, पाय काढतात काय गो?" मी म्हटलं, नाही हो काका. मला खरं तर माहीत नव्हतं.

रिपोर्टचं पाकीट त्यांनी उघडलं नाही. माझ्या हातात दिलं. मी ओट्यावर उभी राहून वाचलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा होता, शेजारी किती असावा तो आकडा होता, आणि दोन्हींमध्ये खूप अंतर होतं. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

"ते राहू दे," काका म्हणाले. "खाली काय लिहिलंय? फिट की अनफिट?"

मी कागद उलटा करून बघितला. "तसं काही लिहिलेलं नसतं काका यात."

"शिक्का?"

"लॅबचा आहे. नावाचा."

"मग ठरवतं कोण?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. मग ते काठी टेकत उठले, आमच्या घरात आले, फ्रिजकडे न बघता सरळ फोनपाशी गेले. मी नंबर लावून दिला.

"प्रकाश," ते म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना फोनवर इतकं हळू बोलताना ऐकलं. "मी इतके दिवस तुला जे पाठवलं ना, ते माझं नव्हतं रे. ते मी बनवलेलं होतं. खरं आज आलंय."

प्रकाशदादा दुसऱ्याच दिवशी आला. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो बापाच्या पायाशी बसला आणि पट्टी बघत राहिला. डोंबिवलीचा विषय त्याने काढलाच नाही. काढायची गरज नव्हती. जखम चिघळत होती आणि डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला सांगितलं होतं. काकांनीच कपाट उघडून कपडे काढायला सुरुवात केली. परत कधी येणार, असं आळीत कोणी विचारलं नाही.

आत्या आणि मी स्टेशनवर गेलो होतो. आत्याने डब्यात भाकरी आणि तळलेला बांगडा दिला होता. प्रकाशदादा सामान लावत होता. काका खिडकीशी बसले होते, मांडीवर डबा, पट्टीचा पाय समोरच्या बाकाखाली सरळ केलेला. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी गजांपाशी गेले. त्यांनी मागे बघितलं, मुलगा ऐकत नाही ना ते. मग माझ्याकडे वाकले.

"उद्या तिथे परत रक्त घेणार म्हणतो हा," ते पुटपुटले. डोळे लहान मुलासारखे माझ्यावर लागलेले. "बाय, तयारी काय करू?"

"काही नको, काका. नेहमीसारखं जेवा. औषध घ्या."

"काहीच नको?"

"काहीच नको."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं. गाडीला धक्का बसला. आत्या चालत चालत ओरडत होती, "भाऊ, डबा खा वेळेवर, बांगडा गार होईल!" गाडी बोगद्याच्या बाजूला वळेपर्यंत मला ते दिसत होते. दोन्ही हातांनी त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं होतं.